लक्ष्मणराव किर्लोस्कर : जसा माणूस तशी समजूत

पुण्याहून मिरजेकडे आगगाडीनें जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं किर्लोस्करवाडीचें स्टेशन पाहिलेंच असेल. पलूस, कुंडल, रामानंदनगर ह्या बाजूच्या मंडळींना तर तें घरच्यासारखें आहे. पूर्वीं ह्या स्टेशनाचें नांव कुंडल रोड असें होतें, आणि सभोंवार निवडुंगाचें रान माजलेलें होतें. त्या रानांत गांव कसें वसलें व तें वसविणारा पुरुष कोण, हें आज सांगावयाचें योजिलें आहे. कारखान्याचें वर्णन करण्याचा आमचा हेतु नाहीं. तें पुष्कळांनीं केलें आहे. आमचें लक्ष निराळ्याच एका गोष्टीकडे लागलें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना आयुष्यांत नाना तऱ्हेच्या माणसांशीं गांठ पडली व अनेकांशीं अडचणीहि आल्या; परंतु सगळ्यांशीं एकाच रीतीनें वागून त्यांनीं आपलें काम साधलें नाहीं.

हा विषय आम्हांस कां सुचला तें आधीं सांगितलें पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं एका खेड्यांतील मंडळींत दोघा भावांचा बांधावरून तंटा लागला. थोरला मोठ्यानें बोलणारा; सकाळीं शिव्या देई व संध्याकाळीं विसरून जाई. धाकटा मुकाट, त्याच्या तोंडून शब्द निघत नसे, पण मनांतलें जातहि नसे. आम्हीं दोघांस वडीलजनांपुढें समोरासमोर बसविलें, पोटांत असेल तें बोलून टाकावयास सांगितलें व शेवटीं हातांत हात देवविले. थोरल्याचें समाधान झालें. धाकट्यानें मान हलविली, घरीं गेला, आणि पुढें दोन वर्षें उपासनेस आला नाहीं. चार माणसांत बोलावयास लावणें हीच त्यास शिक्षा झाली होती, हें आम्हांस फार उशिरां कळलें. तेव्हांपासून कोणाचेंहि चरित्र हातीं आलें म्हणजे त्या माणसानें दुसऱ्यांशीं कसें जुळवून घेतलें, हें आम्ही प्रथम पाहतों.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. पुस्तकी अभ्यासांत त्यांचें मन रमेना. चित्रें काढावीं, यंत्र दिसलें कीं तें न्याहाळावें, अशी त्यांची आवड. चित्रकला शिकावयास ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्यें गेले. परंतु कांहीं रंग आपल्या डोळ्यांस नीट ओळखूं येत नाहींत असें आढळल्यामुळें चित्रकार होण्याची आशा त्यांस सोडावी लागली. यंत्रांच्या आकृति काढावयास रंग लागत नाहींत. म्हणून त्यांनीं ती विद्या धरली, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेंत शिक्षकाची जागा मिळविली. पुढें बढतीची वेळ आली तेव्हां ती त्यांना न मिळतां एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली.

अशा वेळीं माणूस बहुधा अर्जावर अर्ज करितो, नाहीं तर कुढत कुढत नोकरी रेटतो. लक्ष्मणरावांनीं राजीनामा दिला. जेथें बढती गुणावर न जातां कातडीच्या रंगावर जाते तेथें आपले गुण पटवीत बसणें व्यर्थ, हें त्यांनीं ओळखलें असावें. प्रत्येकास असें करितां येईल असें आम्ही म्हणत नाहीं. बेळगांवीं थोरले बंधु रामूअण्णा पाठीशीं उभे होते, म्हणून हें साधलें. ज्याच्या मागें कोणी नाहीं त्यानें राजीनामा देण्यापूर्वीं घरांतील पीठाचा डबा पाहावा.

बेळगांवांत दोघा भावांचें सायकलींचें दुकान होतें. सायकल ही वस्तु त्या काळीं नवलाची. पाहावयास गर्दी होई, पण वर बसावयास लोक भीत. म्हणून लक्ष्मणराव सायकल विकीत व ती चालवावयासहि शिकवीत. पुढील सर्व व्यापाराचा धडा ह्यांतच होता असें आम्हांस वाटतें. ज्या वस्तूची लोकांना भीति वाटते ती नुसती विकून भागत नाहीं. भीति जाईपर्यंत विकणारानें शेजारून चालावें लागतें.

मग कडबा कापण्याचें यंत्र निघालें, आणि त्यामागून लोखंडी नांगर. येथें थोडें थांबलें पाहिजे, कारण आमचे बहुतेक वाचक शेतकरी आहेत. आपला जुना लांकडी नांगर जमीन चिरीत जातो. तो माती उलथीत नाहीं. लोखंडी नांगर खालची माती वर आणून पालथी घालतो, आणि हरळीच्या मुळ्या उन्हांत उघड्या पडून वाळतात. कृष्णाकांठच्या काळ्या जमिनींत हरळीनें किती शेतें खाल्लीं आहेत हें सांगावयास नको. तेव्हां असा नांगर निघाल्यावर लोकांनीं त्यावर उड्या टाकाव्या असें शहरांतल्या माणसास वाटेल. घडलें उलट. लोखंडानें जमिनींत विष भिनतें अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकला जावयास दोन वर्षें लागलीं.

दोन वर्षें माल पडून राहिला म्हणजे कारखानदाराचें काय होतें तें व्यापाऱ्यास विचारावें. शेतकरी अडाणी, ह्यांस कळत नाहीं, असें म्हणून हात झाडणें अगदीं सोपें होतें. शिकलेलीं माणसें तेंच करितात, आणि आम्ही पाळक लोकहि कित्येकदां तेंच करितों. परंतु खेड्यांतील माणसाचा विरोध कसा असतो हें ध्यानांत घ्यावें. तो वाद घालीत नाहीं. पाहुण्यास बसावयास घोंगडें टाकतो, पाणी देतो, सर्व ऐकून घेतो, मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशीं पूर्वीं करीत होता तेंच करितो. त्याच्याशीं जितकें अधिक बोलावें तितका तो अधिक गप्प होतो. आणि त्याचें भय खोटेंहि नसतें. नांगर वाईट निघाला तर कारखानदाराचा एक नांगर जातो. शेतकऱ्याचें वर्ष जातें, आणि वर्षाबरोबर सावकाराचें व्याज चढतें. ज्याचें इतकें पणास लागलें आहे त्यानें परक्या माणसाच्या जिभेवर कां विसंबावें?

अशा माणसास पटविण्याचा मार्ग डोळ्यांतून जातो. एकानें नांगर नेला, त्याच्या शेतांत विष भिनलें नाहीं, उलट पीक बरें आलें, हें शेजाऱ्यानें बांधावरून पाहिलें, तेव्हां दुसरा आला. वापरणाऱ्यानें दोष दाखविले ते लक्ष्मणरावांनीं ऐकले व नांगर सुधारीत नेला. शेतकऱ्याची तक्रार हा त्यांना अपमान वाटला नाहीं. आमच्या मतें त्यांच्या सर्व कर्तबगारींत हें दोन वर्षें थांबणें सर्वांत मोठें आहे.

पुढें कारखाना वाढल्यावर गांवोगांव हिंडून नांगर विकणाऱ्या माणसांत एक भाऊराव पाटील होते. हेच पुढें १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर. ऐतवडे बुद्रुकच्या पाटील घराण्यांतले असल्यामुळें शेतकऱ्याची भाषा त्यांच्या तोंडांत होती. स्वभाव मात्र लक्ष्मणरावांहून अगदीं वेगळा, तापट व सडेतोड. तरी कारखान्यांत त्यांना जागा होती. कोठें शांतपणें वाट पाहणारा माणूस पाठवावा लागतो, तर कोठें खणखणीत बोलणारा पाठवावा लागतो. एकाच माणसाच्या अंगीं दोन्ही गुण सहसा नसतात.

बेळगांवांत धंदा मूळ धरीत होता तोंच नगरपालिकेनें कारखान्याची जागा सोडावयास सांगितलें. शहराची नवी वस्ती वसवावयाची होती आणि कारखान्याची जागा त्यांत येत होती. शेतकऱ्याशीं वागण्याची रीत येथें कामाची नव्हती. कचेरीस डोळे नसतात, कागद असतो. तिला आपलें पीक कितीहि चांगलें दाखविलें तरी ठराव बदलत नाहीं. लक्ष्मणरावांनीं ह्या भांडणांत आपलीं वर्षें घालविलीं नाहींत. ते दुसरी जागा पाहूं लागले. ज्यांचें एखादें शेत दरखास्तींत अडकलें आहे अशा आमच्या बांधवांना ही गोष्ट रुचणार नाहीं, हें आम्ही जाणतों. सरकारदरबारीं झगडणें कधीं कधीं कर्तव्यच असतें. परंतु तारखांच्या पायीं शेत विकणारे आम्हीं पाहिले आहेत, आणि शेवटीं निकाल बाजूनें लागला तेव्हां नांगरावयास जमीनच उरली नव्हती.

औंधच्या राजेसाहेबांची व लक्ष्मणरावांची ओळख होती; औंधास देवळाच्या मंडपाचें काम त्यांनीं केलें होतें. श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि १९०९ सालीं गादीवर आले. ते स्वतः चित्रकार, आणि कलावंताची कदर करणारे. रंग ओळखतां न आल्यानें चित्रकला सोडलेला माणूस आणि चित्रें काढणारा राजा, ह्यांचें बोलणें कसें होत असेल ह्याची कल्पना करावयास आम्हांस आवडतें. बेळगांवची अडचण कळतांच राजेसाहेबांनीं आपल्या संस्थानांत येऊन राहण्यास सांगितलें. औंधचा मुलूख तुटक होता. कुंडलचा भाग त्यांपैकींच. तेथें कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर पडीक जमीन व दहा हजार रुपये कर्ज त्यांनीं देऊं केलें. येथें ना दोन वर्षें थांबावें लागलें, ना कागदावर कागद पाठवावे लागले. थोर माणसाशीं गांठ पडली म्हणजे आडपडदा न ठेवतां गरज सांगावी व दिलें तें मानानें घ्यावें. आपल्यांतील पुष्कळांना हेंच साधत नाहीं; मागण्याची लाज वाटते, किंवा मागतांना लाचारी येते.

१० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीच्या स्थापनेचा दिवस मानतात. लक्ष्मणरावांबरोबर सुमारें पंचवीस कामगार आपल्या कुटुंबांसह आले. पाणी तुटपुंजें, निवडुंग पुरुषभर उंच, आणि त्यांत सर्पांची वस्ती. अशा ठिकाणीं राहावयास आलेल्या माणसांत कुरबुरी झाल्या नसतील असें कोण म्हणेल? परंतु ज्याचा जो स्वभाव तें काम त्याला, ह्या रीतीनें त्यांनीं माणसें लावलीं. रामूअण्णा माणसांत रमणारे. वसाहतीची मांडणी, घरें, रहिवाशांच्या अडीअडचणी हें त्यांच्याकडे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले. यंत्रांत त्यांचें डोकें चाले म्हणून ते कारखान्याचे इंजिनिअर झाले. रात्रीच्या पहाऱ्यावर तर तुरुंगाची शिक्षा भोगून आलेलीं माणसें ठेविलीं होतीं. त्या काळीं कित्येक जातीच्या जाती सरकारनें कायद्यानें गुन्हेगार ठरवून टाकल्या होत्या. त्यांच्या पुरुषांस चौकीवर हजेरी द्यावी लागे. ज्याला सर्व गांव चोर म्हणतो त्याच्याच हातीं किल्ली देणें ही जोखीम होती. धाक घालणारे त्या माणसांस जन्मभर भेटले होते. विश्वास टाकणारा नवा होता.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या आजोबापणजोबांना गांवच्या विहिरीवर चढूं दिलें जात नसे. त्यांना पुढील गोष्ट विशेष वाटेल. किर्लोस्करवाडींत अस्पृश्यता पाळावयाची नाहीं असा लक्ष्मणरावांनीं नियम केला. शेतकऱ्यासाठीं दोन वर्षें थांबणारा, नगरपालिकेपुढून बाजूस होणारा हा पुरुष ह्या बाबतींत थांबला नाहीं व बाजूसहि झाला नाहीं. नांगराच्या बाबतींत वाट पाहिली ती स्वतःच्या पदरास खार लावून. येथें वाट पाहिली असती तर खार दुसऱ्याच्या, आणि तोहि तहानलेल्याच्या, पदरास लागला असता. समजूत घालण्याच्या नांवाखालीं आम्ही किती गोष्टी वर्षानुवर्षें लांबणीवर टाकतों, आणि त्यांचा भार कोणाच्या डोक्यावर असतो, हें आमच्या मंडळ्यांनींहि स्वतःस विचारण्यासारखें आहे. मंडळींत जुन्या जातीचीं बांकें वेगळीं राहिलेलीं आम्हीं डोळ्यांनीं पाहिलीं आहेत.

१९१४ सालीं युरोपांत महायुद्ध पेटलें. परदेशी माल येईनासा झाला, त्यामुळें देशी नांगरास मागणी आली. पण दगडी कोळसा व लोखंड मिळेना. लक्ष्मणरावांनीं लांकडी कोळशावर भट्टी चालविण्याची खटपट केली. लोखंडासाठीं ते कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींकडे वळले, आणि महाराजांनीं जुन्या निकामी तोफा नांगर करण्यासाठीं दिल्या. तरवारी मोडून फाळ करण्याची गोष्ट आमचे वाचक लहानपणापासून ऐकत आले आहेत. ती आपल्याच मुलुखांत खरोखर घडली. औंध व कोल्हापूर हीं दोन्ही संस्थानें असलीं तरी दोन्ही दरबारांची चाल एक नव्हती. औंधचे राजे कलेचे भोक्ते; शाहू महाराज रयतेच्या हिताकडे पाहणारे व ब्राह्मण पुढाऱ्यांशीं त्यांचें उघड वितुष्ट. किर्लोस्कर ब्राह्मण होते. तरी नांगर रयतेसाठीं होता, आणि त्या एका गोष्टीवर दोघांचें मन जुळलें.

ह्यापुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. १९२० सालीं धंद्याची मर्यादित कंपनी झाली. त्याच सालीं पुतणे शंकरराव यांनीं किर्लोस्कर मासिक सुरू केलें, तें महाराष्ट्रांत घरोघर गेलें. उसाचे चरक निघाले, पाण्याचे पंप निघाले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेंत शिकून आले. १९४१ सालीं म्हैसूर संस्थानांत हरिहर येथें, १९४६ सालीं पुण्यास व बंगळुरास नवे कारखाने उभे राहिले. बापाच्या हयातींतच कारभार मुलांकडे गेला. खेड्यांत बाप मरेपर्यंत तिजोरीची किल्ली कमरेस बांधून ठेवतो व त्यावरून मुलांशीं अबोला धरतो, हें पाहणाऱ्यास ही गोष्ट लहान वाटणार नाहीं.

आतां जें सांगावयाचें तें सांगण्यास जड जातें. ३० जानेवारी १९४८ रोजीं महात्मा गांधींचा खून झाला. मारेकरी ब्राह्मण होता, एवढ्यावरून सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या भागांत ब्राह्मणांचीं घरें जाळण्यांत आलीं. किर्लोस्करवाडीवरहि जमाव चालून आला व कारखान्यास आग लावण्यांत आली. लक्ष्मणराव तेव्हां अठ्याहत्तर वर्षांचे होते. ज्या मुलुखाच्या शेतांत त्यांचा नांगर चालत होता त्याच मुलुखांत हें घडलें. चाळीस वर्षें माणसें ओळखून वागलेल्या पुरुषाच्या वांट्यास हें कां यावें, ह्याचें उत्तर आमच्यापाशीं नाहीं. एवढें मात्र दिसतें कीं जमावाशीं बोलणी करितां येत नाहींत. ज्याचा स्वभाव पाहावा असा माणूसच तेथें नसतो; असतात त्या नुसत्या मशाली. माणूस पुन्हां भेटतो तो जमाव पांगल्यावर, एकेकटा, मान खालीं घालून.

कारखाना पुन्हां उभा राहिला. जळलेली जागा टाकून किर्लोस्कर निघून गेले असते तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. दुसरीकडे त्यांचे कारखाने चालू होतेच. बेळगांवची जागा लक्ष्मणरावांनीं सोडली होती. ही सोडली गेली नाहीं. पुढें त्याच आवारांत पंप होत राहिले व आसपासच्या गांवांतील माणसें कामावर येत राहिलीं. कोणी कोणास काय विचारलें, कोणी काय पोटांत ठेविलें, हें त्या गांवांनाच ठाऊक.

२६ सप्टेंबर १९५६ रोजीं लक्ष्मणरावांचें देहावसान झालें. १९६९ सालीं त्यांच्या जन्मशताब्दीस सरकारनें त्यांचें टपालाचें तिकीट काढलें. कुंडल रोड हें नांव जाऊन स्टेशनावर किर्लोस्करवाडी हें नांव आलें तें आजहि आहे.

आरंभीं सांगितलेल्या दोघा भावांपैकीं धाकट्याकडे आम्ही मागच्या महिन्यांत गेलों होतों. ह्या वेळीं कोणास बरोबर घेतलें नाहीं व बांधाची गोष्टहि काढली नाहीं. तो विहिरीवर किर्लोस्करांचा जुना पंप खोलून बसला होता. आम्ही शेजारीं बसलों व तो मागेल तो पाना हातीं देत गेलों. तासभर कोणी कांहीं बोललें नाहीं. पंप सुरू झाल्यावर हात पुशीत त्यानेंच थोरल्याचें नांव काढलें. त्याच्या उसाला पाणी कमी पडतें आहे, असें सांगितलें, आणि पाटाच्या तोंडाशीं जाऊन उभा राहिला.